बाटलीच्या गळ्यापाशी थांबणारी रेघ

औषधाची कुठलीही जुनी शिशी हातात घ्या. अंगठ्याचं नख तिच्या कडेला टेकवा आणि बुडापासून वर सरकवत न्या. नखाला एक बारीक उंचवटा लागेल. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं काच केसभर बाहेर येते, त्याची ती रेघ. आता ती रेघ कुठं संपते ते बघा! थेट ओठावरून पलीकडे गेली असेल, तर शिशी यंत्रावर झाली. गळ्यापाशीच विरून गेली असेल आणि वरचा ओठ गुळगुळीत, किंचित एका अंगाला कललेला असेल, तर ते तोंड कुणीतरी भट्टीसमोर उभं राहून, लालबुंद काचेवर हत्यार फिरवून हातानं घडवलंय. एका रेघेत एवढं सगळं! हे मला समजलं त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही. जेवताना लोणच्याच्या बरणीवरून नख फिरतं, शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटापाशी पाय अडतात, आणि पाहुणे आले की चहाच्या आधी शिशी त्यांच्या हातात जाते.

नांदुरा म्हटलं की लोकांना हमरस्त्यालगतचा १०५ फुटी हनुमान आठवतो. जुनी काच बघायला इथं कुणी येत नाही. पण मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली ती आमच्याच गावावरून, आणि ज्या रुळांनी इथला कापूस मुंबईला नेला, त्याच रुळांनी मुंबईच्या गोदीत उतरलेला विलायती माल वऱ्हाडातल्या गावागावांत आणला. औषधं आली, औषधांबरोबर काच आली. औषध संपलं, काच राहिली. माळ्यावर, कोनाड्यात, देव्हाऱ्याखाली, गंगाजल भरून, रॉकेल भरून, खोबरेल भरून ती अजून आहे!

मला ती भेटली एका जुन्या दवाखान्यामुळे. इमारत पाडायची होती, आतलं लाकडी कपाट भंगारात निघालं होतं, आणि त्या दवाखान्यात उभं आयुष्य काढलेले कंपाउंडर, ज्यांना आमची सगळी गल्ली आबाजी म्हणते, ते काठी टेकत माझ्या दारात आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, एवढ्याच भरवशावर म्हणाले, "पोरी, ते भंगारवाला किलोवर नेते म्हणते. तू पाह्य बरं एकदा." मी गेले, आणि मालकांच्या परवानगीनं सगळं खोक्यांत भरून ओसरीवर आणलं.

पहिल्यांदा हाताला लागली ती निळी शिशी. काय निळी! काचेत कोबाल्ट मिसळल्याशिवाय तो रंग येत नाही. सहा बाजूंची, आणि तीन बाजूंवर उभ्या उभ्या कंगोऱ्यांच्या ओळी. मी म्हटलं, नक्षी किती सुंदर आहे. आबाजींनी ओसरीवरचा दिवा बंद करायला लावला, खोक्यातल्या दोन शिश्या माझ्या हातांत ठेवल्या आणि विचारलं, "आता सांग, कोणती जहराची?" अंधारात मला एका क्षणात कळलं! "अंधारात डोयानं काय दिसते? बोटाले समजते," ते म्हणाले. ते कंगोरे दिसण्यासाठी नव्हतेच. मध्यरात्री उशाशी चाचपडणाऱ्या रुग्णानं खोकल्याचं औषध समजून कार्बोलिक पिऊ नये म्हणून ते होते. दिवा लावला तेव्हा पुढच्या सपाट बाजूवर उठावाची इंग्रजी अक्षरं दिसली: 'नॉट टू बी टेकन'. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी अक्षरं, ज्याला येत नाही त्याच्यासाठी रंग, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी कंगोरे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये असल्या शिश्या घरोघरी असत, निळ्या नाहीतर गडद हिरव्या. माणसाच्या चुकीचा इतका बारकाईनं आणि इतक्या मायेनं विचार करून घडवलेली दुसरी वस्तू मला चटकन आठवत नाही.

मग काचेच्या बुचाच्या बाटल्या निघाल्या. दवाखान्याच्या फळीवर रांगेनं मांडलेल्या असायच्या त्या, काही पांढऱ्या, काही तपकिरी. तपकिरी कशाला, तर उजेडानं बिघडणाऱ्या औषधांसाठी. सिल्व्हर नायट्रेट पांढऱ्या काचेत ठेवलं तर काळं पडतं. आणि त्यांच्यावरची ती नावं! 'टिंक्ट. ओपियाय', म्हणजे अफूचा अर्क. 'अ‍ॅक्वा मेंथ. पिप.', म्हणजे पेपरमिंटचं पाणी. 'पल्व्ह. इपेकॅक.', म्हणजे इपेकॅकच्या मुळाची पूड. ही लॅटिन लघुरूपं लंडनच्या डॉक्टरला जशी कळत तशी नांदुऱ्याच्या कंपाउंडरलाही कळत. आबाजींचं शिक्षण मराठी शाळेतलं. पण मी चिठ्ठ्या वाचत गेले आणि ते डोळे मिटून अर्थ सांगत गेले, एकदाही न अडखळता.

एका बाटलीवर नाव कागदावर नव्हतंच. काचेत खोलगट चौकोन केलेला, त्यात सोनेरी काठाचं लेबल, आणि त्यावर पुन्हा पातळ काचेचं आवरण. आम्लाचा ओघळ आला तरी नाव पुसलं जाऊ नये म्हणून! अमेरिकेत या युक्तीचं एक पेटंट १८६२ सालचं आहे. बाटली उलटी करून बुडावर ते साल कोरलंय का ते मी बघितलं, नव्हतं. पण त्या दिवसापासून बूड बघितल्याशिवाय मी बाटली खाली ठेवत नाही.

बुचाची गोष्ट तर राहिलीच. काचेचं बूच आणि बाटलीचा गळा एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून ती जागा दुधाळ, खरखरीत दिसते. एका बाटलीचं बूच दुसरीत बसवलं की ते डुगडुगतं. बूच गळ्यात टाकून हलकेच फिरवायचं. आवाज न करता, न हलता बसलं तर जोडी अस्सल. आम्ही ओसरीवर सगळी बुचं एका बाजूला, सगळ्या बाटल्या दुसऱ्या बाजूला मांडून त्यांची लग्नं जुळवत बसलो होतो, आणि आबाजी एकेक जोडी जमली की मांडीवर थाप मारत होते.

आता बुडाकडे या. हातानं फुंकलेल्या जुन्या बाटलीच्या बुडात कधीकधी फुटक्या काचेचा खरबरीत वण सापडतो. तोंड घडवताना बाटली धरायची कशी? तर तिच्या बुडाला काचेच्या ठिपक्यानं लोखंडी सळई चिकटवायची आणि काम झालं की झटका देऊन तोडायची. तोच तो वण. बुडावर पिसाऱ्यासारखी कड असलेलं, जरा एका बाजूला सरकलेलं वर्तुळ दिसलं तर मामला वेगळा: अमेरिकेत मायकेल ओवेन्सनं १९०३ साली पूर्ण यंत्रानं बाटली करण्याची किमया साधली, त्या यंत्रानं काच वर शोषून घेऊन कापल्याची ती खूण. इंग्रजीत 'यू जी बी' ही तीन अक्षरं असतील तर बाटली १९१३ नंतरची, कारण ब्रिटनमधल्या काच कारखान्यांची ती संयुक्त कंपनीच त्या वर्षी झाली. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरची. त्याआधी त्या नावाचा देशच नव्हता! जगाचा इतिहास औषधाच्या शिशीच्या बुडावर लिहिलेला असतो आणि आपण तीत खोबरेल भरून ठेवतो.

इथं एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगायची आहे. परदेशी पुस्तकांतले आडाखे आपल्या बाटल्यांना जसेच्या तसे लावू नका. रेघ गळ्याशी थांबली की बाटली १९०० च्या आसपासची, हे अमेरिकेत चालेल. आपल्याकडे यंत्र फार उशिरा आलं. १९३०-४० पर्यंत कित्येक भारतीय कारखान्यांत माणसं फुंकणीला तोंड लावूनच बाटल्या करत होती. म्हणजे वाकड्या ओठाची, बुडबुड्यांनी भरलेली शिशी तुमच्या पणजोबांच्या काळातली असेल किंवा आजोबांच्या लग्नातली असेल. आणि मला विचाराल तर आजोबांच्या लग्नातली जास्त मोलाची, कारण ती आपली असण्याची शक्यता जास्त!

आपली म्हणजे कुठली? तळेगाव दाभाड्याचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसानं माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून निधी उभारला, लोकमान्य टिळक पाठीशी राहिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. काच करायला शिकवायची म्हणून! ईश्वरदास वार्ष्णेय जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आले होते, त्यांनी तो उभा केला. तिथं तयार झालेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत गेले. पुढं १९१६ साली औंध संस्थानाच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंचा कारखाना आला. त्यांचा प्रभाकर कंदील कुणाच्या घरी नव्हता? विलायतेहून येणारी प्रत्येक चिमणी, प्रत्येक शिशी इथंच व्हावी म्हणून लोकांनी पैसा पैसा दिला. खोक्यातली एक साधी, हिरवट झाकेची, नावगाव नसलेली शिशी मी आता उजेडात धरते तेव्हा तिच्यातल्या लांबट बुडबुड्यांकडे बघतच राहते. बुडबुडा ज्या दिशेनं ताणला गेलाय त्या दिशेला काच ओढली गेली होती. फुंकणाऱ्याच्या हाताची चाल त्यात गोठली आहे. हिरवी झाक वाळूतल्या लोखंडाची.

आणि जांभळी झाक? एका पांढऱ्या बाटलीची खिडकीकडची बाजू फिकट जांभळी होती. मला वाटलं आत काही राहिलंय. नाही! वाळूतल्या लोखंडाचा हिरवा रंग मारायला काचकामगार वितळत्या काचेत मँगनीज टाकत. काच स्वच्छ पांढरी होई. पण वर्षानुवर्षं ऊन लागलं की तेच मँगनीज जांभळं होऊ लागतं. साधारण पहिल्या महायुद्धापर्यंत ही पद्धत जोरात होती, पुढं सेलेनियम आलं आणि त्याची काच उन्हानं जांभळी न होता गव्हाळ पिवळी होते. म्हणजे रंगावरूनही काळ सांगता येतो. मँगनीज म्हटल्यावर विदर्भातल्या माणसाला नागपूर-भंडाऱ्याच्या खाणी आठवणारच. पहिल्या महायुद्धाआधी रशियाच्या जोडीनं जगाला मँगनीज पुरवणारा देश भारतच होता. आणि ऊन? नांदुऱ्याला उन्हाची काय कमतरता! फक्त गडद वांग्याच्या रंगाची बाटली कुणी विकायला आणली तर सावध राहा. सूर्य एवढा गडद रंग देत नाही. तसले रंग मुद्दाम किरणं देऊन आणतात.

खोक्यात तळाशी निमुळता, शंकूच्या आकाराचा मापाचा ग्लास होता, दांडीवर उभा, अंगावर कोरलेल्या रेघा. एका बाजूला औंस, दुसऱ्या बाजूला ड्राम. साठ मिनिमचा ड्राम, आठ ड्रामांचा औंस. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ती मापं लागू होत गेली, म्हणजे ज्या ग्लासवर मिलिलिटरचं नाव नाही तो बहुधा त्याआधीचा. एवढ्यानं माझं समाधान होईना. ग्लास इंग्लंडच्या मापाचा की अमेरिकेच्या? इंग्रजी औंस २८.४ मिलिलिटरचा, अमेरिकी २९.६ चा. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पण पाण्याला वजन असतं!

ग्लास घेऊन मी सराफाच्या दुकानात गेले. मोत्यापोवळ्यांच्या गिऱ्हाइकांमध्ये उभं राहून म्हटलं, हा रिकामा तोला, मग चार औंसाच्या रेघेपर्यंत पाणी भरून तोला. इंग्रजी माप असेल तर पाणी ११३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, अमेरिकी असेल तर ११८ च्या. सराफांनी काट्याची काच उघडली, मी ड्रॉपरनं शेवटचे थेंब सोडले, पाण्याचा खोलगट पृष्ठभाग रेघेला टेकला, आणि आकडे डुलत डुलत थांबले ११३ च्या पुढे जेमतेम! इंग्रजी! दुकानातली सगळी मंडळी वाकून बघत होती. एका आजींनी विचारलं, "चांदीचा हाय का वं?" मी त्यांना औंस समजावून सांगितला आणि त्यांनी तो मन लावून ऐकला.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला, आणि तो मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. खोक्यात काही परीक्षानळ्या होत्या. साधी काच की उष्णतेला टिकणारी बोरोसिलिकेट? जर्मनीत ऑटो शॉटनं बोरॉनची काच १८९३ साली बाजारात आणली, अमेरिकेतलं पायरेक्स १९१५ चं, आपलं बोरोसिल १९६२ चं. नळीवर नाव नसेल तर ओळखायची कशी? सोयाबीनचं तेल! आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शिवारोशिवारी सोयाबीन, घरोघरी त्याचं तेल. एका काचेच्या भांड्यात तेल ओतलं आणि नळी सोडली. नळी दिसेनाशी झाली! तेलात आणि त्या काचेत प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, म्हणून काचेची कड डोळ्यांना सापडतच नाही. नळीवर नाव लिहायला केलेला पांढरा मिन्याचा ठिपका तेवढा तेलात अधांतरी तरंगत होता. त्याच तेलात साधी शिशी सोडली, ती मात्र ठसठशीत दिसत राहिली. माझ्या वर्गातल्या मुलांनी हा प्रयोग पाहिला तेव्हा जो आरडाओरडा झाला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. (ते तेल पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. जुन्या नळीत काय होतं ते नळीलाच ठाऊक.)

सिरिंजा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. दोन जाती. एक सगळी काचेची, पॅरिसच्या लुअरच्या नावानं ओळखली जाते, १८९० च्या दशकातली कल्पना. दुसरी काचेची नळी आणि धातूचा दट्ट्या, 'रेकॉर्ड' नावाची, बर्लिनहून १९०६ साली आलेली. काचेच्या सिरिंजेचा दट्ट्या भिंगाखाली धरला तर त्याच्या टोकाला बारीक आकडा कोरलेला. नळी फिरवली, तिच्यावरही तोच आकडा! दट्ट्या आणि नळी एकमेकांत घासून जुळवलेले, म्हणून दोघांवर एकच क्रमांक. दवाखान्यात दहा सिरिंजा एकाच भांड्यात उकळल्या की पुन्हा जोड्या लावायच्या त्या या आकड्यांवरून. आबाजी म्हणाले, सकाळचं पहिलं काम तेच, स्टोव्ह पेटवायचा, सिरिंजा उकळायच्या, चिमट्यानं काढून आकड्याला आकडा लावायचा.

थर्मामीटर एकच निघाला, पण त्यानंही बोलायला लावलं. बाण ९८.४ वर. अमेरिकी थर्मामीटरवर तो ९८.६ वर असतो, इंग्रजी पद्धतीच्या थर्मामीटरवर ९८.४ वर. आणि ही वीतभर कांडी तोंडात धरण्याइतकी छोटी केली ती क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरनं, १८६० च्या दशकात. आधी फूटभर लांबीचा थर्मामीटर वीस मिनिटं धरून बसावं लागे.

आता हाफकिनबद्दल. एका रुंद तोंडाच्या चंबूनं मला तिथवर नेलं आणि मी त्या रात्री झोपले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिननं भायखळ्याच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस कशात केली? काचेच्या चंबूत! मांसाच्या रसावर तो तूप तरंगत ठेवी. होय, आपलं तूप. तुपाच्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वाढत आणि रसात खाली लोंबत, गुहेत छतावरून खडे लोंबावेत तसे. चंबू हलवला की ते तळाशी पडत आणि वर नवे वाढत. काच पारदर्शक नसती तर हे कुणाला दिसलं असतं? १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली, आणि १९२५ पासून तिला हाफकिनचंच नाव आहे.

आणि मग ती बाटली, ५३-एन. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी ज्या १९ जणांना या एका बाटलीतली लस मिळाली ते सगळे धनुर्वातानं गेले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनचं काम काढून घेण्यात आलं. पण बाटली उघडताना बूच ओढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे साक्षीत आलेलं होतं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, तेव्हा कुठं १९०७ साली हाफकिनवरचा डाग पुसला गेला. एक बूच, एक चिमटा, १९ माणसं आणि एका शास्त्रज्ञाची पाच वर्षं. आता कुठल्याही जुन्या लसीच्या कुपीचं बूच बघताना माझा हात थबकतो.

एवढं सगळं परदेशातलं, मुंबईतलं, पंजाबातलं झालं. खरी नांदुऱ्याची गोष्ट एका अगदी साध्या, चपट्या, पांढऱ्या शिशीत होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, रंग नव्हता, मी ती बाजूला टाकणार होते. संध्याकाळी टॉर्च तिरका धरला आणि तिच्या कडेला एक नागमोडी सावली दिसली. वरपासून खालपर्यंत दातेरी, एकसारख्या अंतरानं. तिथं कधीकाळी खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. कागद गेला, खळ गेली, पण त्या जागेवर धूळ आणि धूर वेगळा बसला होता, आणि पट्टीचा ठसा काचेवर तसाच होता!

आबाजींना दाखवल्यावर ते काहीच बोलले नाहीत. कागद मागितला, कात्री मागितली. कागदाची उभी घडी घातली, कात्रीनं टकाटक तिरके काप दिले, उलगडला आणि पट्टी तयार. सहा औंसाची शिशी, अर्ध्या औंसाचा डोस, बारा खाचा. ज्यांना आज पन्नाशी-साठी उलटली आहे त्यांना हे आठवत असेल: दवाखान्यात जाताना घरून रिकामी शिशी धुऊन न्यायची, कंपाउंडर खिडकीतून ती घेई, गुलाबी नाहीतर पिवळं मिक्श्चर भरी, पट्टी चिकटवी, आणि सांगे की हलवून घ्या, एका वेळेला एक खाच. घड्याळ नाही, चमचा नाही, अक्षरओळख नाही, तरी डोस बरोबर! आबाजींनी ती नवी पट्टी जुन्या ठशावर धरली. खाचेला खाच लागली. त्यांच्याच हातची होती ती.

तेव्हापासून मी साध्या शिश्याच आधी बघते. नाव कोरलेल्या बाटल्यांचा माग जगभरचे लोक काढताहेत. नागमोडी ठशाच्या शिश्या फक्त आपल्याकडच्या माळ्यावर आहेत, आणि पहिल्या साबणाच्या पाण्यात तो ठसा जातो. म्हणून हात जोडून सांगते, घासायच्या आधी तिरक्या उजेडात बघा, फोटो काढा. आतून धुवायची झालीच तर कोमट पाणी आणि मूठभर तांदूळ घालून हलकेच हलवा. तारेची घासणी नको, आम्ल तर नकोच. अडकलेल्या बुचाला जोर लावू नका. आणि बंद बाटलीत पिवळे खडे दिसले, किंवा लेबलावर 'पिक्रिक' असं काही वाचता आलं, तर तिला हातच लावू नका. भाजल्यावर लावायचं औषध म्हणून पिक्रिक आम्ल दवाखान्यांत असे, आणि वाळलेलं पिक्रिक नुसत्या घर्षणानं फुटू शकतं. बूच फिरवणंही धोक्याचं. अशा वेळी सगळ्यांना दूर करून पोलिसांना नाहीतर अग्निशमन दलाला कळवायचं. फुटका थर्मामीटरही उघड्या हातानं गोळा करायचा नाही.

येत्या रविवारी शेगावच्या एका वाड्यात जुन्या वैद्यांची पेटी उघडणार आहेत आणि मला निरोप आलाय. आबाजी म्हणाले, "मले बी घेऊन चाल." भिंग, टॉर्च, शिवणाची टेप, मऊ फडकी आणि लहान बाटलीत सोयाबीनचं तेल, एवढं पिशवीत भरून झालंय. वैद्यांची पेटी म्हणजे आसवं, अरिष्टं, भस्मांच्या चिमुकल्या कुप्या. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ पासून औषधं करतंय, त्यांची एखादी जुनी बाटली निघाली तर तिची रेघ गळ्याशी थांबते की ओठावरून जाते ते मी सगळ्यात आधी बघणार आहे.